आयल्ट्स, टोफेल, पीटीई की ड्युओलिंगो: टेस्ट बुक करण्याआधी कोर्सचं पान नीट वाचा

बाहेर शिकायला जायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आयल्ट्स द्यायची की टोफेल की पीटीई, आणि हल्ली त्यात ड्युओलिंगोची पण भर पडलीय, तर इंग्लिश किती येतं हे दाखवणाऱ्या या टेस्टमधली सोपी कोणती? मला विचारणाऱ्या जवळपास प्रत्येकाची सुरुवात इथूनच होते, आणि मी उलट विचारते की कोर्स कोणता ठरवलाय आणि त्याच्या ॲडमिशनच्या पानावर इंग्लिशबद्दल काय लिहिलंय, तर तिथे गाडी थांबते. ते पान वाचलेलंच नसतं. कुणीतरी सांगितलेलं असतं की "साडेसहा लागतात", तेवढ्यावर क्लास लावलेला असतो, टेस्टची तारीखसुद्धा घेतलेली असते. म्हणून हा सगळा विषय मी उलट्या बाजूने सांगणार आहे, आधी युनिव्हर्सिटी आणि व्हिसा काय मागतात ते, मग टेस्ट कशा चालतात ते, आणि तयारी त्यानंतर, कारण हा क्रम चुकला की पैसे जातात, वेळ जातो आणि कधीकधी अख्खा इनटेक, म्हणजे ॲडमिशनची ती फेरीच, हातची जाते.

त्या पानावरची ओळ साधारण अशी असते: "आयल्ट्स ॲकॅडेमिक, ओव्हरऑल ६.५, कुठल्याही सेक्शनमध्ये ६.० पेक्षा कमी नको." वाचणाऱ्याचं लक्ष जातं ६.५ कडे आणि ॲडमिशन अडते ती पुढच्या अर्ध्या ओळीवर. आयल्ट्समध्ये लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग असे चार सेक्शन, प्रत्येकाला ० ते ९ मध्ये बँड मिळतो, अर्ध्या अर्ध्याने वाढणारा, आणि चारही बँडची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. सरासरी ६.२५ आली तर ६.५ धरतात, ६.७५ आली तर ७. आता समजा एका मुलीला लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६ मिळाले, बेरीज २६, सरासरी बरोबर ६.५. आणि एका मुलाला लिसनिंग ६.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ६, बेरीज २५, सरासरी ६.२५, पण वर नेल्यावर त्याचेही ६.५ झाले. ओव्हरऑल दोघांचं सारखं दिसतंय, बेरीज तर मुलीचीच जास्त आहे, तरी वरच्या अटीत मुलगा बसतो आणि मुलगी बसत नाही, कारण तिचं रायटिंग ५.५ वर राहिलं. तिने लिसनिंगमध्ये अजून जोर लावून ८.५ आणले असते तरी या कोर्ससाठी काही उपयोग नव्हता.

मला जे सांगायचंय त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. ॲडमिशनसाठी तुमचा खरा स्कोअर म्हणजे तुमचा सगळ्यात कच्चा सेक्शन. टोफेलमध्येही तसंच, पीटीईमध्येही तसंच, बऱ्याच युनिव्हर्सिट्या सेक्शनवार किमान मार्क वेगळे लिहितात आणि एकाच युनिव्हर्सिटीत कोर्सप्रमाणे ते बदलतात, इंजिनिअरिंगला ६.५ चालतील तिथे लॉ, नर्सिंग किंवा टीचिंगला ७ किंवा ७.५ सुद्धा मागतात. त्यामुळे युनिव्हर्सिटीचं सर्वसाधारण पान वाचून भागत नाही, तुमच्या कोर्सचंच पान वाचायचं, आणि त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवायचा.

आता दुसरी गोष्ट, जिच्यात भले भले फसतात. युनिव्हर्सिटीची अट वेगळी आणि व्हिसाची अट वेगळी. दोन्हीकडे एकच टेस्ट चालेल असं गृहीत धरायचं नाही. देशादेशाप्रमाणे ही भानगड इतकी बदलते की थोडं सविस्तरच सांगते.

अमेरिकेत एफ-१ या स्टुडंट व्हिसासाठी सरकारने ठरवलेला असा वेगळा टेस्ट स्कोअर नाही, इंग्लिश किती हवं हे युनिव्हर्सिटी ठरवते आणि ती कुठली टेस्ट घेते तेही तीच ठरवते. (व्हिसा इंटरव्ह्यूत ऑफिसर तुमच्याशी बोलतो तेव्हा तुमचं इंग्लिश त्याला ऐकू येतंच, ती गोष्ट वेगळी.) त्यामुळे ड्युओलिंगोसारख्या घरून द्यायच्या टेस्टला तिथे भरपूर वाव आहे.

यूकेमध्ये डिग्री लेव्हलच्या कोर्सला व्हिसासाठी बी२ लेव्हल लागते (सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीतली चौथी पायरी, ती पुढे सांगते), आयल्ट्सच्या भाषेत प्रत्येक सेक्शनमध्ये किमान ५.५. होम ऑफिसची, म्हणजे तिथल्या गृहखात्याची, मान्य टेस्टची स्वतःची यादी आहे आणि त्या यादीतली टेस्ट मान्य सेंटरवरच जाऊन द्यावी लागते, आयल्ट्सचं त्यासाठीचं रूप म्हणजे आयल्ट्स फॉर यूकेव्हीआय (यूकेव्हीआय म्हणजे यूकेचं व्हिसा खातं). पेपर तोच, प्रश्न त्याच धर्तीचे, मार्किंग तेच, फरक सेंटरचा आणि सिक्युरिटीचा. पण डिग्रीच्या कोर्ससाठी बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना तुमचं इंग्लिश स्वतः तपासून तसं लिहून द्यायचा अधिकार असतो, म्हणून तिथे साधी आयल्ट्स ॲकॅडेमिक किंवा टोफेलही चालू शकते. फाउंडेशन कोर्स किंवा डिग्रीच्या आधीचा इंग्लिशचा कोर्स करायचा असेल तर मात्र ही सूट सहसा मिळत नाही, तिथे यादीतलीच टेस्ट लागते, आयल्ट्स असेल तर यूकेव्हीआयवालीच. म्हणजे तीन तासांची तीच परीक्षा, पण बुकिंग करताना चुकीच्या नावावर क्लिक केलं तर परत द्यायची वेळ.

ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये स्टुडंट व्हिसासाठीची साधारण किमान आयल्ट्स ५.५ वरून ६.० केली, आणि घरून दिलेल्या टेस्ट तिथे व्हिसासाठी चालत नाहीत, युनिव्हर्सिटीने ॲडमिशनला घेतली असली तरी. बघा, ॲडमिशनचं लेटर हातात आणि व्हिसासाठी परत टेस्ट, हे असं होतं.

आणि कॅनडाचं तर आवर्जून सांगायलाच हवं, कारण जुने व्हिडिओ बघून लोक अजून चुकीची माहिती देतात. एसडीएस नावाची स्टुडंट व्हिसाची फास्ट स्कीम होती ना, जिच्यात आयल्ट्सचे ठरावीक बँड लागायचे, ती ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून शिक्षण झाल्यावरच्या वर्क परमिटला मात्र भाषेची अट आली, युनिव्हर्सिटीची डिग्री असेल तर सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) ७, म्हणजे आयल्ट्स जनरल ट्रेनिंगमध्ये चारही सेक्शनला ६.०. आता यातली खोच अशी की तिथे ॲकॅडेमिक आयल्ट्स चालत नाही, जनरल ट्रेनिंग हा तिचा दुसरा प्रकार लागतो, किंवा सेलपिप ही कॅनडाची इंग्लिश टेस्ट, किंवा पीटीई कोअर हा पीटीईचा वेगळा प्रकार, आणि निकाल अर्ज करताना दोन वर्षांपेक्षा जुना नको. म्हणजे ॲडमिशनसाठी दिलेली टेस्ट शिक्षण संपल्यावर कामाला येणार नाहीये, हे निघतानाच माहीत असलेलं बरं.

हे नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात सरकारच्या साइटवर जाऊन परत एकदा वाचायचंच, एजंटच्या तोंडी सांगण्यावर नाही, माझ्याही नाही.

आणि माफीचं पण सांगते. काही युनिव्हर्सिट्या आधीचं शिक्षण इंग्लिश माध्यमात झालंय असं कॉलेजचं पत्र दिलं तर टेस्ट माफ करतात. चांगली सोय आहे, मिळत असेल तर घ्या, फक्त युनिव्हर्सिटीने माफ केली म्हणून व्हिसावाल्यांनी माफ केली असं होत नाही, ते वेगळं विचारायचं.

एवढं झालं की मग टेस्टकडे यायचं. या सगळ्या टेस्टचे आकडे वेगवेगळे दिसतात, कुणाचं ९ पैकी, कुणाचं ९० पैकी, कुणाचं १६० पैकी, पण त्यांच्या मागे मोजपट्टी एकच आहे, सीईएफआर. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या. ए१, ए२ म्हणजे सुरुवात, बी१ ला रोजचे व्यवहार जमतात, बी२ ला आपल्या विषयावर वाद घालता येतो, लेक्चर बऱ्यापैकी समजतं, आणि सी१ ला लांबलचक अवघड मजकूर वाचून त्यातलं न लिहिलेलं पण कळतं. आयल्ट्सचे ५.५ ते ६.५ म्हणजे बी२, ७ ते ८ म्हणजे सी१. युनिव्हर्सिटी ६.५ मागते म्हणजे तिला बी२ ची वरची बाजू हवी असते आणि ७ मागते तेव्हा ती पुढच्या पायरीवरचं मागत असते, म्हणून ६ वरून ६.५ ला जाणं आणि ६.५ वरून ७ ला जाणं या दोन्हीतलं अंतर कागदावर सारखं दिसलं तरी मेहनत सारखी नसते.

आयल्ट्स सगळ्यात जास्त ठिकाणी चालते आणि लोकांना माहितीही तीच जास्त. १९८९ पासून आहे, ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज अशी तिघांची मिळून. ॲकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार, डिग्रीसाठी ॲकॅडेमिक. लिसनिंग साधारण ३० मिनिटं आणि ४० प्रश्न, ऑडिओ एकदाच ऐकवतात, परत नाही. रीडिंग ६० मिनिटं, तीन मोठे उतारे, ४० प्रश्न. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी ठेवायची नाही. ४० पैकी २३ बरोबर आले की साधारण ६ बँड, ३० आले की ७, ३५ आले की ८, म्हणजे ६ आणि ७ मध्ये फक्त सात प्रश्नांचं अंतर आहे, आणि हे सात प्रश्न पुष्कळदा इंग्लिश येत नाही म्हणून जात नाहीत, सूचना न वाचल्यामुळे जातात. "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलंय आणि तुम्ही तीन शब्द लिहिले तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तर चूक. (ब्रिटिश स्पेलिंग, अमेरिकन स्पेलिंग दोन्ही चालतात, त्याची काळजी नको.) आणि रीडिंगमध्ये ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन असा एक प्रकार येतो जो अक्षरशः रडवतो. फॉल्स म्हणजे उतारा त्याच्या उलट सांगतोय, नॉट गिव्हन म्हणजे उतारा त्याबद्दल काही बोलतच नाहीये, आणि तुम्हाला ती गोष्ट बाहेरून माहीत असेल, अगदी शंभर टक्के खरी असेल, तरी उताऱ्यात नसेल तर उत्तर नॉट गिव्हनच. हुशार मुलं इथे जास्त चुकतात कारण ती स्वतःच्या डोक्यातलं ज्ञान वापरतात.

रायटिंगला ६० मिनिटं, दोन टास्क. पहिल्यात आलेख, तक्ता, नकाशा असं काहीतरी बघून किमान १५० शब्द, दुसऱ्यात एखाद्या विषयावर किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्या टास्कला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, तरीही मुलं पहिल्यात अर्धा तास घालवतात, का तर आलेखातला एकेक आकडा लिहीत बसतात. सगळे आकडे लिहायचेच नसतात, मुख्य कल काय आहे तो सांगायचा असतो, काय वाढलं, काय घटलं, कुठे मोठा फरक आहे. वीस मिनिटं पहिल्याला, चाळीस दुसऱ्याला, यात तडजोड नको. मार्क चार गोष्टींना सारखे विभागून मिळतात: विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलंय का, मांडणी एकातून एक पुढे जाते का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. बहुतेक जण शेवटच्या दोन गोष्टींचीच तयारी करतात, अवघड शब्द पाठ करतात, आणि मार्क जातात पहिल्या गोष्टीत. प्रश्न असतो "फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का", आणि निबंधात एक परिच्छेद फायदे, एक परिच्छेद तोटे, शेवटी "दोन्ही बाजू आहेत". अहो पण जास्त काय आहे ते कुठे सांगितलं? इंग्लिश कितीही छान असलं तरी असा निबंध वर जात नाही. आणि पाठ केलेले तयार निबंध परीक्षकांना लगेच ओळखू येतात, ते रोज तेच वाचत असतात.

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटं, समोर माणूस असतो, काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर. आधी तुमच्याबद्दल साधे प्रश्न, मग एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्यानेच बोलायचं, मग त्याच विषयावर जरा खोलात गप्पा. इथे सगळ्यात जास्त भीती असते ॲक्सेंटची आणि मला ती भीती मनापासून काढून टाकावीशी वाटते. उच्चाराला मार्क आहेत, पण ते तुमचं बोलणं सहज समजतंय का याला आहेत, तुम्ही ब्रिटिश वाटता का याला नाहीत. ओढूनताणून आणलेला ॲक्सेंट दोन मिनिटांत सुटतो आणि मग बोलण्याची लयच जाते. तुमची मतं बरोबर की चूक हेही कुणी तपासत नाही, अनुभव नसेल तर बनवून सांगितलेला चालतो, फक्त एका वाक्यात उत्तर संपवू नका, कारण तुम्ही बोललाच नाहीत तर ते मार्क देणार कशाला.

टोफेल अमेरिकेतल्या ईटीएस या संस्थेची, १९६४ पासूनची, आणि हिच्यात नुकताच मोठा बदल झालाय म्हणून जुनं पुस्तक हातात असेल तर बाजूला ठेवा. आत्तापर्यंत चार सेक्शन, प्रत्येकी ३०, एकूण १२० अशी पद्धत होती. २१ जानेवारी २०२६ पासून स्कोअर १ ते ६ मध्ये येतो, सीईएफआरशी जुळवलेला, आणि युनिव्हर्सिट्यांना सवय होईपर्यंत दोन वर्षं जुन्या १२० च्या हिशोबातला आकडाही सोबत देतात. रीडिंग आणि लिसनिंग आता ॲडॅप्टिव्ह झालंय, म्हणजे पहिला भाग तुम्ही कसा सोडवता त्यावरून पुढचा भाग सोपा की अवघड ते ठरतं. स्पीकिंगमध्ये ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं म्हणायचं आणि इंटरव्ह्यूसारखे प्रश्न, रायटिंगमध्ये वाक्य जुळवणं, ईमेल आणि ऑनलाइन क्लासमधल्या चर्चेला उत्तर. पुढचा भाग अवघड आला तर घाबरायचं नाही, आधीचा चांगला गेलाय असा त्याचा अर्थ. बोलायचं सगळं मायक्रोफोनमध्ये, समोर माणूस नाही. आणि एक गोष्ट टोफेलवाल्यांच्या खूप कामाची आहे, मायबेस्ट स्कोअर, गेल्या दोन वर्षांतल्या तुमच्या सगळ्या प्रयत्नांमधून प्रत्येक सेक्शनचा सर्वात चांगला स्कोअर घेऊन एक एकत्र स्कोअर दाखवतात. तो धरायचा की नाही हे युनिव्हर्सिटीच्या हातात, पण धरणारी असेल तर कच्च्या सेक्शनचा प्रश्न बराच हलका होतो.

पीटीई ॲकॅडेमिक पिअर्सन कंपनीची, २००९ पासून, साधारण दोन तास, १० ते ९० स्कोअर, निकाल सहसा दोन दिवसांत. इथे बहुतेक सगळं मार्किंग कॉम्प्युटर करतो आणि काही प्रश्नांचे मार्क दोन सेक्शनमध्ये जातात, हे कळलं की पीटीई कळली. वाक्य ऐकून जसंच्या तसं टाइप करायचा प्रश्न असतो, त्याचे मार्क लिसनिंगलाही आणि रायटिंगलाही. ऐकून वाक्य परत म्हणायचं, त्याचे स्पीकिंगलाही आणि लिसनिंगलाही. म्हणून हे प्रकार आधी पक्के करायचे. बोलताना तीन सेकंद गप्प राहिलात तर मायक्रोफोन बंद होतो आणि तो प्रश्न तिथेच संपतो, त्यामुळे चुकलं तरी पुढे बोलत राहायचं, मागे जाऊन दुरुस्ती करत बसायचं नाही. आयल्ट्सच्या उलट इथे एकाहून जास्त उत्तरं निवडायच्या प्रश्नात चुकीच्या निवडीला मार्क कापतात, खात्री नसेल तर जास्तीचं टिक करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये स्पीकिंगला दोन नवे प्रकार आलेत, एक गटचर्चा ऐकून तिचं सार सांगायचं आणि एक दिलेल्या प्रसंगात तुम्ही काय बोलाल ते, म्हणून त्याआधीचा सराव संच घेतला असेल तर तो अपुरा आहे.

ड्युओलिंगो घरून, साधारण एक तास, १० ते १६० स्कोअर, निकाल दोन दिवसांत, ॲडॅप्टिव्ह. २०२० मध्ये सेंटर बंद पडली तेव्हा खूप युनिव्हर्सिट्यांनी ती घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेसाठी चांगला पर्याय, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी चालत नाही आणि यूकेच्या होम ऑफिसच्या यादीतही नाही. घरून आहे म्हणून सैल आहे असं समजू नका, कॅमेरा सतत चालू असतो, नजर वारंवार स्क्रीनबाहेर गेली किंवा खोलीत कुणी आलं तर टेस्ट रद्द होऊ शकते.

मग सोपी कोणती? तुमच्या कोर्सला आणि व्हिसाला ज्या चालतात त्यातलीच निवडायची, आणि त्यात दोन-तीन उरल्या तर मग तुमचा स्वभाव बघायचा. माणसासमोर मोकळं बोलता येत असेल आणि मशीनसमोर जीभ अडखळत असेल तर आयल्ट्स. परीक्षक समोर बसला की घाम फुटत असेल, टाइपिंग जलद असेल, ऐकलेलं वाक्य डोक्यात राहत असेल तर पीटीई. मायक्रोफोनमध्ये बोलायला अडचण नसेल आणि ईमेल, ऑनलाइन चर्चा लिहायची सवय असेल तर टोफेल पण बघा. अंदाजाने ठरवू नका, प्रत्येकाच्या साइटवर फुकट सराव प्रश्न आहेत, एकेक रविवार द्या आणि स्वतः बसून बघा.

तयारीबद्दल मला एकच गोष्ट खोलात सांगायची आहे, कारण क्लासवाले ती सांगत नाहीत. स्कोअर कमी येण्याची दोन वेगळी कारणं असतात, एक म्हणजे परीक्षेची सवय नाही आणि दुसरं म्हणजे इंग्लिशच त्या पायरीला पोचलेलं नाही, आणि दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे. ओळखायचं कसं? रीडिंगचा एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा आणि दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा पेपर घड्याळ न लावता, पाहिजे तेवढा वेळ घेऊन. वेळ न लावता बरोबर उत्तरं एकदम वाढली तर तुमचं इंग्लिश ठीक आहे, वेग आणि पद्धत कमी पडतेय, मग टेस्टचा सराव भरपूर करा, काही आठवड्यांत फरक दिसेल. पण वेळ कितीही घेतला तरी तेवढीच उत्तरं बरोबर येत असतील तर अजून पंचवीस मॉक टेस्ट देऊन काही होणार नाही, तिथे वाचन, ऐकणं, लिहिणं मुळातून वाढवायला लागतं. केंब्रिजच्या अंदाजाप्रमाणे बी२ ला पोचायला एकूण ५०० ते ६०० तासांचं शिक्षण लागतं आणि सी१ ला ७०० ते ८००, म्हणजे या एका पायरीसाठी साधारण २०० तास. रोज दोन तास दिले तरी तीन महिन्यांच्या वर जातात. पंधरा दिवसांत ६ चे ७ करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशोब विचारा. आणि परीक्षा न देता स्कोअर आणून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या, स्कोअर युनिव्हर्सिटी थेट ऑनलाइन तपासते, खोटा निघाला तर ॲडमिशन जाईलच, व्हिसाच्या रेकॉर्डला लागलेला डाग पुढेही त्रास देत राहतो.

लिहिण्याची तयारी एकट्याने होत नाही हेही सांगते, कारण आपलीच चूक आपल्याला दिसत नाही. आठवड्याला दोन निबंध लिहून ज्याला खरंच नीट येतं अशा कुणाला तरी दाखवा, त्यात परत परत येणाऱ्या चुका वेगळ्या वहीत काढा. बहुतेकांच्या त्याच तीन-चार असतात, आर्टिकल, काळ, एकवचन-अनेकवचन, आणि संपायचं नाव न घेणारी वाक्यं. बोलण्यासाठी फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐका, पहिले दोन दिवस ऐकवत नाही पण त्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

तारीख ठरवताना अर्जाच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजा आणि एक दुसरा प्रयत्न बसेल एवढी जागा ठेवा. स्कोअर साधारण दोन वर्षं चालतो, त्यामुळे फार लवकर देऊनही उपयोग नाही. आयल्ट्स कॉम्प्युटरवर दिली असेल आणि एकच सेक्शन खाली राहिला तर वन स्किल रीटेक म्हणून सोय आहे, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत तेवढा एकच सेक्शन परत देता येतो. वरच्या उदाहरणातल्या मुलीला हेच करता येईल, फक्त तिच्या युनिव्हर्सिटीला आणि व्हिसाला ते चालतं का हे आधी विचारून, कारण सगळीकडे चालत नाही. निकाल पटलाच नाही तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, मार्क बदलले तर फी परत मिळते. बदल झालाच तर तो बहुधा रायटिंग-स्पीकिंगमध्ये होतो, कारण ते माणसं तपासतात, लिसनिंग-रीडिंगसाठी मागण्यात फारसा अर्थ नाही.

बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, अक्षर न् अक्षर, आणि पासपोर्ट रिन्यूला आलेला असेल तर आधी तो नवीन करून घ्या, कारण बुकिंगला जो नंबर दिला तोच पासपोर्ट परीक्षेला दाखवावा लागतो, त्याची फोटोकॉपी किंवा फोनमधला फोटो चालत नाही. स्कोअर पाठवायचं पण तेव्हाच बघून ठेवा. पीटीई आणि ड्युओलिंगो हव्या तितक्या युनिव्हर्सिट्यांना फुकट पाठवतात, आयल्ट्समध्ये पाच ठिकाणी फुकट आणि पुढच्यांना पैसे पडू शकतात, म्हणून ती पाच नावं बुकिंगच्या आधीच कागदावर लिहिलेली असू द्या.